बाईला कपडा, की कपड्याला बाई?



गेल्या वर्षी आपल्या गटानं एक लहान फिल्म केली. अकरा मिनिटांची, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर. विषय तुम्हाला नवा नाही. २०१९ साली राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढली गेल्याचं समोर आलं. आकडे छापून आले, चर्चा झाल्या. बायका आमच्याशी बोलायला तयार होत्या, पण कॅमेऱ्यासमोर तोंड दाखवायला नव्हत्या. मुकादमाची उचल डोक्यावर असताना कोण दाखवेल? म्हणून त्यांच्या शब्दांना संगणकावर घडवलेल्या बायका द्यायच्या असं ठरलं. हलत्या-बोलत्या थ्रीडी बाहुल्या. फिल्मच्या विषयावर या अंकात पुढे स्वतंत्र लेख आहे. मला इथं लिहायचंय ते या बाहुल्यांना कपडे घालताना काय काय समोर आलं त्याबद्दल.

बैठकीत हे सांगितलं तेव्हा एकीनं विचारलंच, "वस्तीत चार-चार दिवस पाणी नाही आणि आपण बाहुल्यांचे कपडे छापायचे?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी पुढे देते, आधी काम कसं चालतं ते पाहू. एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला व्यक्तिकार्य, गटकार्य, समुदाय संघटन हे सगळं शिकवलं होतं, हे काही शिकवलं नव्हतं. त्यामुळे मला समजलं तसं, आपल्या भाषेत सांगते.

शरीर घडवणं सोपं निघालं. मेकह्यूमन नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. पडद्यावर एक माणूस उभा असतो आणि बाजूला पट्ट्या. वयाची पट्टी एक वर्षापासून नव्वदपर्यंत सरकते. उंची, वजन, स्नायू, खांदे, दंड यांच्या पट्ट्या आहेत, पोटाच्या आहेत आणि गरोदरपणाचीसुद्धा वेगळी आहे. वंशाच्या मात्र तीनच पट्ट्या: आफ्रिकी, आशियाई आणि गोऱ्या युरोपियनांची. धारूरच्या चाळीस वर्षांच्या बाईला या तिघींच्या मिश्रणातून कुठंतरी शोधावं लागतं. तरी तासाभरात आमच्या पाच जणी उभ्या राहिल्या. एक सहा महिन्यांची गरोदर, एक पन्नाशीची, दोन लेकुरवाळ्या, एक अठराची. पोट सुटलेलं, दंड भरलेले, खांदे पुढे झुकलेले. आम्हाला फार आनंद झाला. पाचहीजणी अर्थातच उघड्या होत्या. आता लुगडी नेसवायची.

इथं गाडी अडली, आणि बरेच आठवडे अडली.

संगणकातलं शरीर म्हणजे हजारो बिंदूंची विणलेली जाळी. कपडा म्हणजे तिच्यावर पांघरलेली दुसरी जाळी. कपडा शिवणारा तो कुठल्या तरी एका शरीरावर शिवतो. त्याला आपण मूळ शरीर म्हणू. पुढे वापरणाऱ्यानं पोट वाढवलं, उंची कमी केली, की कपड्यानंही त्याबरोबर बदलायला हवं. त्यासाठी कपड्याचा प्रत्येक बिंदू खालच्या कातडीच्या जवळच्या बिंदूंना बांधून टाकतात. मेकह्यूमनमध्ये असा एकेक बिंदू शरीराच्या तीन बिंदूंना बांधलेला असतो. कातडी सरकली की कापड सरकतं. ऐकायला छान वाटतं. पण खरं कापड कातडीला बांधलेलं नसतं ना! ते खांद्यावरून लोंबतं, छातीवरून सरळ खाली येतं, मध्ये पोकळी राहते. बांधलेलं कापड छातीच्या खालीही चिकटतं आणि दोन स्तनांच्या मधल्या घळीतही उतरतं, जणू पातळ प्लास्टिक गुंडाळलंय. परकराचं तर आणखी वाईट. उजव्या मांडीजवळचं कापड उजव्या मांडीमागे जातं, डावीकडचं डावीमागे. बाईनं पाऊल टाकलं की परकराचा पायजमा होतो. पोट वाढवलं की लुगड्यावरचे चौकडे फुगवलेल्या फुग्यावरच्या नक्षीसारखे ताणले जातात. आणि बाई वाकली की कमरेची कातडी कापडातून आरपार बाहेर येते. ऊस तोडणारी बाई दिवसभर वाकूनच असते.

यावर उपाय आहेत. मेकह्यूमनच्या मूळ शरीराभोवती न दिसणारा एक परकर आधीच दिलेला असतो, दोन्ही पायांभोवती फिरणारा. घेरदार कपडा मांड्यांना न बांधता त्याला बांधायचा. दुसरा उपाय म्हणजे कापडाला कापडासारखं वागू देणं: वजन, जाडी, ताठपणा, घर्षण सांगायचं आणि ते शरीरावर पडू द्यायचं. ब्लेंडर हा मोफत प्रोग्रॅम हे करतो. मार्व्हलस डिझायनर नावाचा कोरियन प्रोग्रॅम तर शिंप्यासारखाच चालतो, सपाट तुकडे कापून पडद्यावर शिवायचे. पण दरवेळी हिशेबाला वेळ लागतो, जुना संगणक धापा टाकतो. तिसरा उपाय सगळ्यांत सोपा, आणि म्हणूनच सगळ्यांत जास्त वापरला जाणारा. तो आम्हाला एका स्टुडिओतल्या मुलानं अगदी आपुलकीनं सुचवला. "मॅडम, पोट थोडं कमी करा ना. सगळं बसेल."

त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला शुक्रवारी काम संपवायचं होतं. पण बाजारात असं हजारो शुक्रवारी घडत असणार. कपडा मूळ शरीरावर शिवलेला, शरीर त्यापासून जितकं लांब जाईल तितकी दुरुस्ती जास्त, दुरुस्ती म्हणजे पैसा. मग लठ्ठ, म्हाताऱ्या, गरोदर, वाकलेल्या बायका पडद्यावरून कमी होतात. कोणी बंदी घातली म्हणून नाही, कोणाला वेळ नव्हता म्हणून.

हे नवं नाही. सेकंड लाइफ या आभासी जगात २०११ साली जाळीचे कपडे आले तेव्हा ते अंगाप्रमाणे बदलत नसत. कपडे करणाऱ्यांनी आपसांत मापं ठरवली, सगळ्यांत लहान ते मोठं अशी पाच. ज्या बाहुलीला ती होत नसत तिच्या मालकिणीनं काय करायचं? बाहुलीच्या अंगाच्या पट्ट्या सरकवून तिला कपड्यात बसवायचं, किंवा कपड्याखालचं अंग अदृश्य करायचं. अंगाप्रमाणे बदलणारा कपडा तिथं २०१४ साली आला. त्याआधी काही कारागिरांनी आपली आपण युक्ती काढून असे कपडे करून पाहिले होते. डॅझ नावाची कंपनी तयार शरीरं आणि कपडे विकते. २०११ साली तिनं बाई आणि पुरुष दोघांना एकच मूळ शरीर दिलं, २०१३ साली दोन वेगळी केली आणि २०२२ साली पुन्हा एक. एका पिढीचा कपडा पुढच्या पिढीच्या शरीराला जशाच्या तसा होत नाही. मग रूपांतराची साधनं घ्या, नाहीतर नवे कपडे घ्या. दिवाळीला पोरांचे कपडे आखूड होतात तसंच, फरक एवढाच की इथं पोरांना दुकानदारच वाढवतो.

याच २०१४ सालची दुसरी गोष्ट आपल्या कामाची आहे. युबिसॉफ्ट कंपनीचा 'असॅसिन्स क्रीड युनिटी' हा व्हिडिओ गेम येणार होता. पार्श्वभूमी फ्रेंच राज्यक्रांतीची. चौघांनी मिळून खेळायचं, पण चौघंही पुरुष. बाई का नाही असं विचारल्यावर कंपनीच्या माणसांनी जूनमध्ये सांगितलं की बाई घेतली की हालचाली दुप्पट, आवाज दुप्पट, कपडेलत्ते दुप्पट. काम फार वाढतं. कपडे खेळणाऱ्यानं निवडायचे असल्यामुळे तर जास्तच. पूर्वी त्याच कंपनीत ॲनिमेशन करणारे जोनाथन कूपर यांनी जाहीरपणे म्हटलं की हालचालींचं काम एक-दोन दिवसांचं आहे. खरं किती दिवसांचं होतं हा वाद बाजूला ठेवू. पुरुषाचं शरीर म्हणजे मूळ आणि बाईचं म्हणजे वरखर्च, हा जमाखर्च मला जास्त बोलका वाटतो. ज्या क्रांतीत १७८९ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या बायका भाकरीसाठी व्हर्सायवर चालून गेल्या, तिच्यावरचा हा खेळ!

मूळ शरीर येतं कुठून? मोजण्यातून. आणि कोणाला मोजायचं हे आधी कोणीतरी ठरवलेलं असतं. अमेरिकेच्या शेती खात्यानं तयार कपड्यांसाठी सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली, त्याचा अहवाल १९४१ साली निघाला. गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं शेवटच्या हिशेबातून वगळली होती. आता काळ बदलला, टेपच्या जागी लेझर आला. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली मांडलेलं एसएमपीएल हे शरीराचं प्रारूप आज संशोधनात सर्रास वापरलं जातं, कपडे आपोआप बसवण्याच्या संशोधनातही. त्याच्यामागची हजारो मोजलेली शरीरं आहेत अमेरिका, कॅनडा, नेदरलँड्स आणि इटलीतल्या १८ ते ६५ वयाच्या माणसांची. त्यात कोणाचा कट आहे असं मी म्हणत नाही. मोजणी ज्यांच्या पैशानं झाली त्यांची शरीरं त्यात आली. आपल्याकडे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं 'इंडियासाइज' नावानं सहा शहरांत २५ हजार माणसं मोजायचा प्रकल्प हाती घेतला. चांगली गोष्ट आहे. मुंबई त्यात आहे. ऊसतोडीच्या तळावरची बाई मोजायला कोण गेलं, हे विचारायचं काम आपलं.

आता आमच्या फिल्मकडे. पहिल्या कच्च्या प्रतीत आम्ही एका बाजारातून विकत घेतलेली तयार साडी वापरली होती. 'साडी' म्हणून शोधलं की तिथं मिळतं ते बेंबीखाली नेसलेलं झुळझुळीत वस्त्र आणि पाठ उघडी चोळी, नाचासाठी केलेली. त्यातल्या त्यात साधी घेतली, रंग मळका केला, आणि तळावर नेऊन लॅपटॉपवर दाखवली. बायका थोडा वेळ गप्प बसल्या. मग एक मावशी म्हणाल्या, "ताई, हिला मोळी तरी उचलंल का?" दुसरी म्हणाली, "शरट कुठाय हिचा? अशी उसात गेली तर पाचट कापून काढंल की अंग."

बरोबर होतं. फडात बाई लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, डोक्याला फडकं गुंडाळते, निऱ्या वर खोचते. हे सगळं कामाचं साधन आहे, कोयत्याइतकंच. तो शर्ट नसलेली बाई त्यांना आपली वाटणं शक्यच नव्हतं, आणि जी आपली नाही तिचं गर्भाशय गेलं काय, राहिलं काय! फिल्म तिथंच पडली असती.

मग ते काम एका तरुण मुलीनं हातात घेतलं. पुण्यात ॲनिमेशनचा कोर्स केलेली, घरी आई ब्लाउज शिवते. लुगडं ही गंमतच आहे. प्रत्यक्षात शिवण नसल्यामुळे ते कुठल्याही अंगाला होतं. बाळंतपणानंतर, आजारपणानंतर, सासूचं सुनेला, काही अडत नाही. संगणकात नेमकं तेच सगळ्यांत अवघड, कारण तिथला सगळा कारभार आधी माप आणि मग कपडा असा. साडेपाच मीटरची पट्टी घेऊन ती संगणकाकडून नेसवायला गेलं की निऱ्या एकमेकींतून आरपार जातात आणि सगळं गुंतून बसतं. तिनं वेगळी वाट काढली. निऱ्यांचा खालचा भाग आधीच नेसलेल्या आकारात घडवला आणि दोन्ही पायांचा ओढा त्यावर हळूहळू विरत जाईल असा वाटून दिला. पदर तेवढा मोकळं कापड म्हणून ठेवला. शर्ट पुरुषाच्या मापाचा शिवला आणि बाईच्या अंगावर पडू दिला. खांदे उतरलेले, बाह्या दुमडलेल्या, पोटावर बटण ताणलेलं. आईला दाखवून बगलेजवळ ढिलाई वाढवली. "हात वर कसा करणार ती?" हे आईनं पाहताक्षणी विचारलं होतं. गरोदर बाईचं लुगडं तिनं वेगळंच केलं, पोटाच्या वर नेसलेलं. दुसऱ्यांदा तळावर दाखवलं तेव्हा बायका कपड्यांबद्दल काहीच बोलल्या नाहीत. थेट दवाखान्याबद्दल बोलायला लागल्या.

या मुलीसारख्या आणखी दोघी मला या निमित्तानं भेटल्या. तिघीही घरून काम करतात, नगावर पैसे घेतात: एक कपडा, इतके रुपये. बसला नाही म्हणून परत आला तर दुरुस्ती फुकट. नाव कुठंही येत नाही. घरी बसून गोधड्या, ब्लाउज, विड्या करणाऱ्या बायकांसाठी आपण इतकी वर्षं जे मागत आलो, तेच इथं पहिल्यापासून मागावं लागेल. आमच्या फिल्मच्या शेवटी तिचं नाव आहे, 'वस्त्रं' या शब्दापुढे, आणि पैसे दिवसाच्या हिशेबानं दिले.

एक गोष्ट जपून लिहायची आहे. थ्रीडी बाईच्या कपड्याखाली बहुतेकदा पूर्ण उघडं शरीर असतं. फाइल ज्याच्या हातात जाईल त्याला कपडा काढायला एक कळ पुरते. आमच्या बाहुल्या कोणा एकीसारख्या नाहीत, तरी त्या खऱ्या बायकांच्या मापांवर आणि बोलण्यावर उभ्या आहेत. आम्ही ठरवलं की फाइल दुसऱ्या गटाला देताना कपड्याखालचं शरीर पुसून टाकायचं. तोंड, हात, पावलं तेवढी ठेवायची. कातडी कापडातून बाहेर येऊ नये म्हणून कारागीर हे एरवीही करतात. आमचं काम दुप्पट साधलं. आणि दुसऱ्याच्या शरीराची बाहुली करून आपण मिरवण्याचा प्रश्न उरतोच. २०१७ साली कॅमेरॉन-जेम्स विल्सन या गोऱ्या ब्रिटिश छायाचित्रकारानं डॅझच्याच साधनांनी शुडू नावाची काळी मॉडेल घडवली. ती प्रसिद्ध झाली, तिला कामं मिळाली. खऱ्या काळ्या मॉडेल कामाला वंचित असताना काळ्या बाईची प्रतिमा गोऱ्या पुरुषाच्या कमाईची का, असं अनेकींनी विचारलं. आपण शहरातल्या शिकलेल्या बायका ऊसतोडीच्या बाईची बाहुली करतो तेव्हा हा प्रश्न आपल्यालाही लागू होतो. फिल्मचा कोणता भाग राहील, कोणता जाईल हे तळावरच्या सात जणींनी ठरवलं. तेवढं पुरेसं आहे का यावर आमच्यात अजून वाद आहे, आणि तो चालू राहावा असं माझं मत आहे.

आता पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर. पाण्याचा मोर्चा आहेच, मीही त्यात आहे. पण आरोग्य केंद्रातल्या पडद्यापासून मोबाइलपर्यंत सरकारच्या आणि संस्थांच्या माहितीच्या फिल्म्स आता अशाच बाहुल्यांच्या होऊ लागल्यात. त्यातली 'लाभार्थी महिला' कशी दिसते, पाहा. गोरटेली, सडपातळ, कधीच न घामेजलेली, इस्त्रीच्या साडीतली. ही बाई दारात येऊन सांगते की गर्भाशय काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. ऐकणाऱ्या बाईला वाटतं, हे हिच्यासारख्यांसाठी असेल. पोस्टर प्रदर्शनांच्या काळात आपण चित्रकारांशी भांडून पोस्टरवरची बाई बदलून घेतली होती. हे भांडण त्याच जातीचं आहे, हत्यार तेवढं नवं.

म्हणून आम्ही एक छोटं काम सुरू केलंय. नऊवारी काष्ट्यासह, गुडघ्यापर्यंतचं आदिवासी लुगडं, कोळणीचं नेसणं, बुरखा, फडातला शर्ट, नळावर मॅक्सीवर घेतलेली ओढणी, असे कपडे निरनिराळ्या वयांच्या आणि बांध्यांच्या शरीरांवर बसवून ठेवायचे आणि कोणत्याही गटाला फुकट द्यायचे. शर्ट, दोन लुगडी आणि मॅक्सी तयार आहेत. बाकीच्यांसाठी मापं हवीत. ज्या बाईचं माप घ्याल तिला ते कशासाठी आहे हे आधी सांगा, तिनं हो म्हटलं तरच घ्या, आणि टेप बाईच्याच हातात असू द्या. कागदावर नाव, गाव लिहू नका. वय, उंची, दंड, छाती, पोट, नितंब, आणि दिवस गेलेले असतील तर कितवा महिना, एवढं पुरे. नेसण्याची पद्धत शब्दांत लिहा किंवा रेखाटून पाठवा, फोटो नको. मेअखेरपर्यंत आलं तर जूनच्या शिबिरात त्यावर काम करता येईल.